मुलांचे डोळे मुंबईत कसे तपासून घ्यायचे (आणि पट्टी कशी टिकवायची)

पहिली गोष्ट म्हणजे मूल स्वतःहून सांगेल याची वाट बघू नका. एक डोळा चांगला असला की पोरगं त्याच्यावर मस्त निभावून नेतं, क्रिकेट खेळतं, मोबाईलवर कार्टून बघतं, कोणाला पत्ता लागत नाही, आणि तोवर दुसऱ्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू बाजूला टाकायला लागतो, त्यालाच आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर सुधारायला सोपं जातं, नंतरही फायदा होतो पण मेहनत जास्त. म्हणून तक्रार असो नसो, तीन वर्षांच्या आसपास एकदा आणि पहिलीत घालायच्या आधी एकदा, एवढं तरी कराच.

घरी काय बघायचं? खेळता खेळता एक डोळा हाताने झाका, मग दुसरा. एका डोळ्याला काही बोलत नाही पण दुसरा झाकला की रडतं, हात ढकलतं, असं झालं तर न दिसणारा डोळा बहुतेक उघडा राहिलेला. बाळ चार महिन्यांचं झाल्यावरही डोळा आत किंवा बाहेर जात असेल तर दाखवा, "तिरळा म्हणजे नशीबवान" आणि "मोठा झाला की जाईल" ही दोन वाक्यं कितीही प्रेमळ आजीने म्हटली तरी. आणि फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत लाल ऐवजी पांढरी चमक दिसली तर पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट नको, त्याच आठवड्यात जा. बऱ्याचदा दुसरंच काही निघतं, पण मोतीबिंदू किंवा डोळ्यातला कॅन्सरही असू शकतो, तो बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांनाच होतो.

बाळ ३४ आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोच्या आत जन्मलं असेल तर नियम वेगळा. डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत, फारच लहान बाळ असेल तर अजून आधी. डिस्चार्जच्या गडबडीत हे राहून जातं, कार्डावर लिहिलंय का ते तुम्हीच विचारा.

आता जायचं कुठे. केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे सगळीकडे डोळ्यांची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा आणि खिडकीवरच विचारायचं, लहान मुलांचा आणि तिरळेपणाचा डॉक्टर कुठल्या वारी बसतो. हे न विचारता गेलात तर अर्धा दिवस रांगेत जाऊन "गुरुवारी या" ऐकून परत यावं लागतं. परळला केईएमच्या जवळच मुलांचं वाडिया आहे, हाजी बच्चूअली हे डोळ्यांचं हॉस्पिटलही परळलाच. प्रायव्हेटला जात असाल तर पाटीवर नुसतं एमएस किंवा डीएनबी बघून थांबू नका, त्यानंतर मुलांचे डोळे आणि तिरळेपणा यात फेलोशिप केलीय का ते विचारा, विचारण्यात काही लाज नाही. मदुराईचं अरविंद, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय अशा ठिकाणी हे ट्रेनिंग मिळतं.

बाहुली मोठी करून भिंग सैल सोडणारे थेंब टाकल्याशिवाय लहान मुलाचा चष्म्याचा पहिला नंबर घेऊ नका, हे मी कोणालाही भांडून सांगेन. मुलांच्या डोळ्यातलं भिंग इतकं जोर लावतं की दुकानातल्या कॉम्प्युटरवर नसलेला मायनस दिसतो आणि असलेला प्लस लपतो. थेंब दोन-तीनदा टाकतात, मग डॉक्टर अंधारात डोळ्यात उजेडाची पट्टी हलवून समोर भिंगं धरून नंबर काढतात, मुलाने काही वाचायची गरजच नाही. या थेंबांत सायक्लोपेंटोलेटचा असर साधारण दिवसभर, होमॅट्रोपिनचा दोन-तीन दिवस, ॲट्रोपिनचा आठवडा-दोन आठवडे, तेव्हा परीक्षा बघून तारीख घ्या. घरी ॲट्रोपिन घालायला दिलं असेल तर घातल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं दाबून धरा, आणि तोंड लाल झालं, ताप आला तर पुढचा डोस न देता फोन करा. जाताना मोठ्या कडेची टोपी न्या, दुपारच्या उन्हात स्टेशनपर्यंत येताना पोरं डोळेच उघडत नाहीत.

आता पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला कामाला लावायला दुसरा झाकतात ती. ती चांगल्या डोळ्यावर, आणि चष्म्याच्या काचेवर नाही तर थेट कातडीवर, नाहीतर पोरगं वरून बरोबर बघतं. आधी काही आठवडे नुसता चष्मा घालायला सांगितला तर घाबरू नका, कधीकधी तेवढ्यानेच फरक पडतो. मध्यम आळशी डोळ्याला दिवसातून दोन तास पट्टी सहा तासांइतकीच कामाला येते हे अमेरिकेतल्या २००३ च्या अभ्यासात दिसलंय, तरी तास डॉक्टरच ठरवणार. ते दोन तास शाळेत नको, घरी ठेवा, चित्र रंगवणं, मणी ओवणं, तांदूळ निवडणं असं जवळचं काम द्या. काढताना कडा कोमट पाण्याने ओली करून हळू सोडवा, एकदा खसकन ओढलीत की दुसऱ्या दिवशी पोरगं पट्टीचं पाकीट बघूनच पलंगाखाली जातं.

मायनस नंबर असलेल्यांसाठी, आणि नसलेल्यांसाठी जास्तच, बाहेर खेळणं. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर सोडलं, तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्क्यांना मायनस आला, बाकीच्यांत ३९.५ टक्क्यांना (२०१५ मध्ये छापून आलं). मुंबईत मैदान कुठंय म्हणाल तर बिल्डिंगचा कंपाउंड, गच्ची, शिवाजी पार्क, काहीही चालेल, दिवसाचा उजेड हवा.

आणि नजर सुधारली म्हणून पट्टी स्वतःहून बंद करू नका, बंद केल्यावर पहिल्या वर्षात साधारण चौघांत एकाचा डोळा परत मागे जातो, म्हणून डॉक्टर तास कमी करत आणतात आणि वर्षभर बोलावत राहतात. जुने नंबरचे कागद एका फाईलमध्ये ठेवा, सरकारी ठिकाणी दर वेळी वेगळा डॉक्टर भेटतो.