एकच फ्लाय, बारा वेळा

"फ्लाय फिशिंग शिकायचंय, कोणता रॉड घेऊ?" असं कुणी विचारलं, की मी आधी त्यांना माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसवते. टेबलाच्या कडेला व्हाइस, म्हणजे गळ धरायचा छोटा शिकंजा, आवळलेला असतो आणि त्याच्या जबड्यात ८ नंबरचा, लांब दांड्याचा गळ. रॉडचं नंतर बघू, आधी एक फ्लाय बांधा, म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेलं खोटं आमिष. इथे अमेरिकेत, मिशिगनमध्ये विकतची फ्लाय तीन डॉलरच्या आसपास पडते. नवा माणूस ती हरवायच्या भीतीने काठावरच्या सीडरच्या फांद्यांपासून लांब टाकतो, आणि ट्राउट मासा तर नेमका त्या फांद्यांखालीच असतो. स्वतः बांधलेल्या बारा फ्लाय डबीत असल्या, की हात मोकळा सुटतो.

पहिली फ्लाय वूली बगरच घ्या, हिरवट रंगाची. १९६७ साली पेनसिल्व्हेनियात रसेल ब्लेसिंग यांनी ती बांधली. ती कुठल्या एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही. पाण्यात जळू, छोटा मासा, अळी, काहीही वाटू शकते, म्हणून नवख्याला पावते.

आधी पकडीने गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करा. हे कधीही चुकवू नका. माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात वाऱ्याने फ्लाय मागे आली आणि कानाच्या पाळीत रुतली. काटा दाबलेला होता म्हणून मागे ओढताच निघाली. त्या दिवसापासून टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय मी पाण्यात उतरत नाही.

आता दोरा. गळाच्या डोळ्यामागून (डोळा म्हणजे दांड्याच्या टोकाचं भोक) सुरुवात करून बाकापर्यंत वेढे घ्या. मग माराबूचं मऊ पीस (नाव माराबू करकोच्याचं, पण आता ते टर्कीचं असतं) चिमटीत धरून ओलं करा, म्हणजे उडणार नाही. शेपटी गळाच्या दांड्याइतकी लांब ठेवा आणि उरलेलं पीस दांड्यावर पुढपर्यंत बांधत न्या, नाहीतर अंगावर टेंगूळ येतं. परत बाकाशी येऊन तांब्याची बारीक तार, हॅकल म्हणजे कोंबड्याच्या पाठीवरचं लांब पीस, आणि शनीलची दोरी, अशी तिन्ही तिथेच बांधा. हॅकल टोकाकडून बांधायचं. मग शनील पुढे गुंडाळा, त्यावरून हॅकलचे पाच-सहा विरळ वेढे, आणि शेवटी तार उलट्या दिशेने, म्हणजे माशाच्या दातांनी पीस सुटत नाही.

सगळे चुकतात ते इथे. शनील डोळ्यापर्यंत नेतात, डोकं बांधायला जागाच उरत नाही, आणि दोरा डोळ्यात उतरून भोक बुजतं. डोळ्यामागे दोन मिलिमीटर दांडा उघडा दिसलाच पाहिजे. दिसत नसेल तर उलगडा, पुन्हा करा. शेवटी व्हिप फिनिशची गाठ, म्हणजे दोऱ्याचे वेढे त्याच्याच टोकावर घेऊन टोक आत ओढायचं, आणि नेलपॉलिशचा एक थेंब.

दोरा किती ताणायचा हे शब्दांत सांगता येत नाही. मला ते वेंगुर्ल्याच्या पडवीत कळलं होतं. आई केळीच्या सोपाच्या ओल्या धाग्याने अबोलीचा वळेसार, म्हणजे गजरा, करायची. देठ तुटू नये आणि फूल निसटूही नये, एवढाच ताण. पिसालाही तोच लागतो. तुमच्या हाताला ती ओळख नसेल, तर रिकाम्या गळावर दोरा मुद्दाम तुटेपर्यंत ओढून बघा, दोन-तीनदा. कुठे तुटतो ते बोटांना समजलं, की त्याच्या किंचित अलीकडे थांबायचं.

असे बारा बांधा, सगळे सारखेच. तिसरा आणि अकरावा शेजारी ठेवून बघा. सहाव्यानंतर मन दुसऱ्या फ्लायकडे धावतं, पण थांबा. अ‍ॅडम्स बांधायचा मोह मलाही आवरत नव्हता, कारण ती इथलीच. १९२२ साली मेफिल्ड गावच्या लेनर्ड हॅलडे यांनी बांधली आणि जवळच्या बोर्डमन नदीवर पहिल्यांदा वापरली गेली. पण ती तरंगणारी फ्लाय, तिचे पंख नीट उभे राहायला सरावलेला हात लागतो. पुढच्या हिवाळ्यात बांधा.

रॉड ९ फुटी, ५ वजनाचा (हा नुसता क्रमांक, किलो नव्हे). लाइनही ५ वजनाचीच, पुढे ९ फुटी लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणारा बारीक, पारदर्शक धागा. रीलवर फार पैसे घालू नका. पहिले चार दिवस गवतावर, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून सराव करा. इथे फेकली जाते ती लाइन. फ्लायला वजनच नसतं, ती लाइनीमागून जाते. बाबा खाडीत पाग फेकायचे तेव्हा जाळ्याचं वजन जाळं उघडायचं, इथे ते काम लाइनीचं. रॉड मागे न्या, कानाच्या जरा मागे झटक्यात थांबवा, आणि लाइन मागे सरळ होईपर्यंत वाट बघा. मान वळवून चक्क बघा. घाईने पुढे आणलात तर चाबकासारखा आवाज येतो आणि लोकर तुटते.

नदी माझी ओ सेबल, ग्रेलिंग गावाजवळची. गावाला ज्या माशाचं नाव, तो ग्रेलिंग मासा इथून नाहीसा झाला. ओंडके वाहून नेऊन नदीचा तळ खरवडला गेला आणि मासेमारीला धरबंध राहिला नाही. १९५९ साली याच नदीकाठी ट्राउट अनलिमिटेड ही ट्राउटच्या नद्या जपणारी संस्था सुरू झाली. बर्टन्स लँडिंग ते वेकली ब्रिज या सुमारे ९ मैलांत फक्त फ्लाय चालते आणि प्रत्येक मासा सोडून द्यावा लागतो. सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना परवाना हवा. तो १ मार्चपासून पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतो.

बगर पलीकडच्या काठाकडे, थोडा खालच्या अंगाला टाका, प्रवाहाला वाहून नेऊ द्या आणि लाइन वीतभर-वीतभर ओढत या. ठोसा बसला की रॉड उचला. मासा पाण्यातच ठेवा, हात ओले करून धरा, गळ काढा. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर गेलं असेल तर त्या दिवशी मासेमारी नकोच, सोडलेला ट्राउटही जगेलच असं नाही.

पहिला ब्राउन ट्राउट माझ्या सातव्या बगरवर लागला. फोनवर बाबा म्हणाले, "सोडून दिलंस? मगे गेल्लंस कित्याक?" म्हटलं, "तो थंयच असतलो, बाबा. म्हणान."

निघताना बुटांचे तळवे ब्रशने घासा आणि पूर्ण सुकू द्या. न्यूझीलंडची चिखलगोगलगाय अगदी बारीक असते, चिखलाबरोबर दुसऱ्या नदीत जाते.