परदेशी पत्ते पार्सरमधून काढताय? या चुका टाळा

पार्सर म्हणजे पत्त्याचे घर नंबर, रस्ता, शहर असे तुकडे करून देणारा प्रोग्राम. "पार्सर चुकतोय" अशी तक्रार आली की मी आधी एकच गोष्ट मागतो, त्याला नेमकं काय खायला घातलं होतं ते दाखवा. बहुतेक वेळा भांडण तिथेच मिटतं. खाली जे लिहितोय ते मुख्यतः लिबपोस्टलबद्दल आहे, कारण जगभरचे पत्ते फोडायचे म्हटलं की ओपन सोर्समध्ये पहिलं नाव त्याचंच निघतं, खुल्या नकाशांच्या आणि पत्त्यांच्या, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप आणि ओपनअ‍ॅड्रेसेसच्या डेटावर शिकवलेलं आहे. पण चुका कुठल्याही पार्सरला लागू.

फाइल आधी एक्सेलमध्ये "जरा साफ" करणं

याचा मला खरंच राग आहे. एका प्रोजेक्टवर मला बोलावलं ते पार्सरला अमेरिका आणि जर्मनी जमत नाही म्हणून. आउटपुट बघितलं तर घर नंबर रिकामा आणि रस्त्याच्या नावात "०५-डिसें". हा डिसेंबर नावाचा रस्ता आला कुठून यावर मीटिंग झाली, चक्क मीटिंग, आणि त्यात एकजण म्हणाला मॉडेल परत ट्रेन करू. मी म्हटलं आधी समोरच्यांकडून आलेली मूळ सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल, द्या. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली, तिथे एका ओळीत ५-१२ होतं आणि दुसऱ्या ओळीत ५/१२. एक्सेलला दोन्ही तारखा वाटल्या, त्याने दोन्हीचं "०५-डिसें" करून टाकलं आणि फाइल तशीच सेव्ह झाली. आता गंमत अशी की न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये ५-१२ हा अख्खा एकच घर नंबर असतो आणि ऑस्ट्रेलियात ५/१२ म्हणजे १२ नंबरच्या इमारतीतलं ५ नंबरचं युनिट. एकदा दोन्हीची तारीख झाली की उलटं जायची वाटच नाही, कोणतं कुठलं होतं ते कोण सांगणार?

त्याच फाइलमध्ये ड्रेस्डेनचा ०१०६७ झाला होता १०६७ आणि मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा ०२१३९ झाला होता २१३९. चार आकडी पोस्टकोड ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलियात असतातच, त्यामुळे पार्सरला त्यात वावगं वाटायचं काही कारण नाही. पोस्टकोड हा टेक्स्ट आहे. त्याची बेरीज करायची नसते. मी सीएसव्ही पायथनमध्येच वाचतो, सगळे कॉलम टेक्स्ट म्हणून, आणि बघायचीच असेल तर साध्या एडिटरमध्ये बघतो. डबल क्लिकचा मोह आवरत नसेल त्याने आधी कॉपी काढावी.

मूळ ओळ फेकून देणं

पार्स झालं, आता कच्चा पत्ता कशाला ठेवायचा म्हणे. अरे, लिबपोस्टल सगळी अक्षरं लहान करून देतो, स्वल्पविराम उडवतो, त्यातून आधीचा पत्ता परत कसा बांधणार? कच्चा कॉलम कायम ठेवा, त्याला हात लावू नका.

एक्सपांडमधलं पहिलं उत्तर उचलणं

नवशिक्यांची ही लाडकी चूक, आणि दिसत नाही म्हणून जास्त वाईट. दोन पत्ते एकच आहेत का हे बघायला लिबपोस्टलमध्ये एक्सपांडचं फंक्शन आहे, ते संक्षेप उलगडून एक नाही तर अनेक रूपं देतं. का, तर "एसटी" म्हणजे स्ट्रीट पण असतं आणि सेंट पण, "डीआर" म्हणजे ड्राइव्ह पण आणि डॉक्टर पण. घाईतला माणूस यादीतलं पहिलं रूप घेतो, डेटाबेसमध्ये टाकतो, टेस्टच्या ओळींवर जमलं की खूश. मग सेंट जॉनच्या नावाचा रस्ता आला की एकाच घराच्या दोन नोंदी तयार. दोन्ही पत्त्यांच्या याद्या काढायच्या आणि त्यात एखादं तरी रूप सामाईक आहे का ते बघायचं, इतकंच आहे. आणि मी तेवढ्यावरही थांबत नाही, घर नंबर आणि पोस्टकोड वेगळे ताडून बघतो, मगच दोन नोंदी एकत्र करतो. वेळ लागतो. लागू दे.

पार्सरला तपासनीस समजणं

पार्सर फक्त तुकडे करून लेबलं लावतो. लंडनच्या पोस्टकोडशेजारी टोकियो लिहून दिलं तरी तो बिनतक्रार लेबलं लावून मोकळा होतो, "मला कळलं नाही" असं कधी म्हणत नाही. लेबल लागलं म्हणजे पत्ता अस्तित्वात आहे असं नाही, ते बघायला त्या त्या देशाच्या पोस्टाचा डेटा किंवा जिओकोडर, म्हणजे पत्ता नकाशावर शोधून देणारा प्रोग्राम, लागतो.

बाकी किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या

पोस्टकोड सक्तीचा ठेवू नका. हाँगकाँग आणि यूएईमध्ये तो नाहीच, आणि आयर्लंडमध्ये एअरकोड (तिथला पोस्टकोड) आला तो २०१५ मध्ये, त्याआधीच्या नोंदी तशाच येणार.

"नंबर आधी, मग रस्ता" असं रेजेक्स, म्हणजे मजकुरात ठरावीक साचा शोधणारा नियम, लिहून जग जिंकायला निघालेले बरेच भेटतात. जर्मनीत नंबर रस्त्यानंतर येतो, जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावच नसतं, तिथे ब्लॉकचे आकडे चालतात, आणि कोस्टा रिकात चर्चपासून २०० मीटर उत्तरेला हाच पत्ता असतो. रेजेक्स एका देशापुरतं ठीक आहे, पुढे नाही.

"सीए" म्हणजे कॅलिफोर्निया की कॅनडा? देश माहीत असेल तर पूर्ण नावाने शेवटी जोडून द्या. हातात असलेली माहिती लपवून पार्सरची परीक्षा घेण्यात काय मिळतं मला कळत नाही.

माणसाचं नाव, फोन नंबर, "गेटवरून फोन करा" हे सगळं आधी काढून टाका. कॉलम जोडताना मध्ये स्वल्पविराम ठेवा, नाहीतर "फ्लॅट ४" आणि "१२ हाय स्ट्रीट" मिळून "फ्लॅट ४ १२ हाय स्ट्रीट" होतं आणि मग तो तरी काय करेल.

शेवटचं, दर पत्त्याला नवी प्रोसेस सुरू करून "फार स्लो आहे हो" म्हणू नका. मॉडेल जवळपास २ जीबीचं आहे, ते एकदा लोड करायचं आणि सगळे पत्ते त्याच प्रोसेसमधून काढायचे.