लाल टोपण, नारिंगी टोपण : मावशीच्या हाताखाली शिकताना

माझी मावशी गेल्या वर्षी श्रावणात गेली. कळव्याच्या आमच्या चाळीत तिला कोणी नावाने हाक मारीत नसे. लहानथोर सगळे तिला सिस्टर म्हणत, आणि ठाण्याच्या एका रुग्णालयातील बत्तीस वर्षांची नोकरी संपल्यावरही ते संबोधन सुटले नाही. मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविका अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला तो तिच्याकडे पाहून. या अभ्यासक्रमाला नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहीत आहे. प्रवेश, वसतिगृह, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी यांची माहिती तुम्हाला असेलच; मला सांगायचे आहे ते माझ्या एका चुकीविषयी, आणि ती चूक वॉर्डात नव्हे, शेजारच्या घरात झाली.

मावशीचे घर आणि तिची नोकरी कधी वेगळी नव्हती. २६ जुलै २००५ च्या पुरात लोकल बंद पडल्या, पुढच्या पाळीच्या सिस्टर पोहोचू शकल्या नाहीत आणि ती दोन दिवस वॉर्डातच राहिली. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. परंतु त्यांची कूस दर दोन तासांनी कशी बदलायची, टाचांखाली उशी कुठे ठेवायची, हे तिने शेजारच्या काकूंना आधीच शिकवून ठेवले होते, म्हणून त्या दोन दिवसांत त्यांच्या पाठीला जखम झाली नाही. ताप आला की लोक तिच्याकडे येत आणि एक इंजेक्शन द्या म्हणत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तिने कधीही कोणाला सुई टोचली नाही. त्याऐवजी रात्रपाळी करून आलेली ती बाई त्या माणसाबरोबर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जाऊन केसपेपरच्या रांगेत उभी राही. काहींना तो तिचा ताठा वाटे. मलाही तेव्हा तसेच वाटत होते, हे लिहिताना आजही वाईट वाटते.

मी दुसऱ्या वर्षाला असताना शेजारचे आजोबा रुग्णालयातून घरी आले. त्यांना रात्री जेवणाआधी १२ युनिट इन्सुलिन घ्यायचे होते, चिठ्ठीही होती, आणि आजींच्या डोळ्यांना सिरिंजवरच्या रेघा दिसत नव्हत्या म्हणून त्यांनी मला बोलावले. फ्रिजमध्ये नवी कुपी होती, डब्यात जुन्या सिरिंज होत्या. मी १२ च्या रेघेपर्यंत औषध ओढले आणि दिले.

आता हे नीट वाचा, दोनदा वाचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या मुख्यतः दोन तीव्रतांच्या मिळतात : एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या असतात. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. आजोबांची जुनी कुपी ४० ची होती, म्हणून घरातल्या सिरिंज लाल टोपणाच्या होत्या. नवी कुपी मात्र १०० ची होती. लाल टोपणाच्या सिरिंजवर १२ ची रेघ म्हणजे ०.३ मिलिलिटर, आणि १०० च्या कुपीतले ०.३ मिलिलिटर म्हणजे ३० युनिट. मी अडीचपट औषध दिले होते. उलटी चूक झाली, म्हणजे ४० ची कुपी आणि नारिंगी टोपण, तर १२ ऐवजी पाचपेक्षाही कमी युनिट जातात आणि साखर चढत राहते. इन्सुलिनच्या पेनची कार्ट्रिज, म्हणजे आत बसणारी औषधाची नळी, सहसा १०० ची असते. पेन बिघडले म्हणून तिच्यातून लाल टोपणाच्या सिरिंजने औषध ओढणारी घरे मी पुढे पाहिली आहेत. अशा वेळी मनातल्या मनात हिशेब करून रेघ बदलू नका. योग्य सिरिंज आणायला कोणाला तरी औषधाच्या दुकानात पाठवा आणि तोपर्यंत थांबा.

जेवण झाल्यावरही आजोबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. मावशी ग्लुकोमीटर घेऊन धावत आली. साखर ४८ होती. ते शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते, म्हणून तिने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, ६२ आली, पुन्हा पाजली. माणूस बेशुद्ध असता तर तोंडात थेंबही घालायचा नसतो, हे ती त्या धावपळीतही मला सांगत होती. साखर ७० च्या वर आल्यावरही ती थांबली नाही, कारण जास्तीचे इन्सुलिन पुढचे काही तास काम करीत राहणार होते. रिक्षाने आम्ही रुग्णालयात गेलो आणि तिथे तिने मला डॉक्टरांपुढे उभे करून सांगितले, "काय दिलंस, किती दिलंस, तू सांग." मी सांगितले. आजोबा दुसऱ्या दिवशी घरी आले.

वॉर्डात मी तसे केले नसते. तिथे कुपीवरचे लेबल मोठ्याने वाचून दुसऱ्या सिस्टरला दाखवण्याची सवय लागली होती. त्या घरात मी लहानपणापासून जेवत आले होते, म्हणून लेबल वाचावे असे मनातही आले नाही. ओळखीच्या घरात आपला हात सैल पडतो. तुमच्याही गल्लीतले लोक तुम्हाला पहिल्या वर्षापासूनच सिस्टर म्हणू लागतील आणि तो मान गोड वाटेल, तेव्हा हे आठवा.

माझे एक मत स्पष्ट सांगते. जी सीनियर तुमचे काम स्वतः उरकून टाकते आणि तुम्हाला चहाला पाठवते, ती प्रेमळ असेल, पण तिच्याकडून तुम्ही काही शिकणार नाही. जी औषध देण्याआधीच चार्टवर सही करायला शिकवते, तिच्यापासून दूर राहा, मग ती कितीही अनुभवी असो. तुमच्याकडून लेबल मोठ्याने वाचून घेणारी आणि त्यासाठी पाच मिनिटे थांबणारी सिस्टर मिळाली तर तिची पाळी मागून घ्या.

आणि घाबरू नका. त्या रात्रीनंतर मी अभ्यासक्रम सोडायला निघाले होते. मावशीने समजूत घातली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मला त्याच घरी घेऊन गेली, आजींची माफी मागायला लावली, आणि नारिंगी टोपणाची सिरिंज माझ्या हातात देऊन स्वतः शेजारी उभी राहिली. माझा हात कापत होता. तिने घाई केली नाही.

आजींना इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत. मावशीने त्यांना कुपीवरचा १०० चा आकडा आणि नारिंगी रंग यांची जोडी शिकवली होती. अजूनही मी त्यांच्याकडे गेले की त्या दारातच एका हातात कुपी, दुसऱ्या हातात सिरिंज धरून उभ्या असतात, आणि मी दोन्ही मोठ्याने वाचल्यावरच बाजूला होतात.