बोटांनी वाजवायच्या डबल बाससाठी पहिल्या तारा कशा निवडाव्यात

सेकंडहँड डबल बास (व्हायोलिनच्या जातीचं, उभ्याने वाजवायचं थोराड वाद्य) घरी येतो, तेव्हा त्यावरच्या तारा किती जुन्या आहेत हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आवाज बसलेला, आठवड्याभरात बोटांना फोड, आणि मग आपण रात्री तारांची नावं शोधत बसतो. डबल बासचा एक चांगला संच गिटारच्या डझनभर संचांच्या पैशात येतो, त्यामुळे इथे घाई नडते. खाली लिहिलंय ते गज बाजूला ठेवून फक्त बोटांनी, म्हणजे पिझिकाटो, वाजवणाऱ्यांसाठी. जॅझ, ब्लूज किंवा जुन्या हिंदी गाण्यांत तालाच्या पोटातून चालतो तो बास, असं काही डोक्यात असेल तर पुढे वाचा.

आधी पट्टी आणा

बोटं दुखतात म्हणून तारा बदलाव्याशा वाटतात. बहुतेक वेळा दोष तारांचा नसतोच, त्यांच्या उंचीचा असतो. फिंगरबोर्ड, म्हणजे तारांखालचं बोटं दाबायचं लांब लाकूड, जिथे संपतो तिथे पट्टी उभी धरा आणि लाकडापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. (शाळेच्या प्लास्टिकच्या पट्टीला शून्याच्या आधी कोरी जागा असते, ती मोजणीत धरू नका. मी धरली होती आणि दोन दिवस उगाच खूश होतो.) स्टीलच्या तारांना ‘जी’ तार (सगळ्यात बारीक) ५ ते ७ मिलिमीटर आणि ‘ई’ तार (सगळ्यात जाड) ८ ते १० मिलिमीटर ही सुरुवातीला सोयीची उंची. ‘जी’ १० वर असेल तर जगातली कुठलीही तार तुमचं बोट वाचवणार नाही. व्हायोलिन-चेलोचं काम करणाऱ्या कारागिराकडून घोडीची, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याची, उंची कमी करून घ्या. वरच्या टोकाला नटपाशीही (खुंट्यांच्या अलीकडची, तारांना खाचा असलेली छोटी पट्टी) बघा, तिथे तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकायला हवं.

आपल्याकडे पावसाळा हा वेगळा विषय आहे. दमट हवेत वाद्याची वरची फळी फुगते, घोडी वर उचलली जाते आणि तारा उंच होतात. मे महिन्यात छान वाटलेलं वाद्य जुलैत जड लागतं ते यामुळे.

खोक्यावर दोन गोष्टी वाचा

बहुतेक वाद्यं ३/४ मापाची असतात. नटपासून घोडीपर्यंत तारेची लांबी साधारण १०५ सेंटिमीटर भरली, तर ३/४ चाच संच घ्या. दुसरी गोष्ट, ‘ऑर्केस्ट्रा’ लिहिलेला संच घ्या, ‘सोलो’ नको. सोलो तारा एक पूर्ण स्वर वर लावायच्या असतात. त्या नेहमीच्या ई-ए-डी-जी वर उतरवल्या तर सैल पडतात. सवलतीत एखादा संच फारच स्वस्त दिसला, तर हा शब्द आधी तपासा.

ताण हलका घ्या

मध्यम जाडीच्या स्टीलच्या एका तारेचा ताण साधारण २५ ते ३२ किलोच्या दरम्यान असतो. चारही मिळून शंभर किलोच्या वर. ताण जितका जास्त, तितकं डाव्या हाताला दिवसभर तार दाबणं जड. म्हणून पहिला संच हलक्या ताणाचाच घ्यावा. हलकी तार म्हणजे बारीक आवाज, हा समज सोडून द्या. फळीवरचा भार कमी झाला की कित्येक वाद्यं उलट मोकळी बोलतात. फक्त हलकी तार जास्त झुलते, त्यामुळे ती फार खाली ठेवली तर फिंगरबोर्डवर खडखडते.

आता आवाज

इथे खरी गंमत आहे. व्हिएन्नाच्या थॉमास्टिकची ‘स्पायरोकोर’ ही जॅझवाल्यांची जुनी, ठरलेली तार. आत स्टीलच्या पिळलेल्या दोरीसारखा गाभा, वर क्रोमचं वेटोळं. छेडली की आधी बोटाचा ठोका ऐकू येतो आणि मग स्वर जरा गुरगुरत लांबतो. तंबोऱ्याची जवारी ज्याच्या कानात आहे त्याला ही गुरगुर लगेच कळेल. आस, म्हणजे स्वराचं रेंगाळणं, भरपूर. गज मात्र तिच्यावर चटकन बसत नाही, किरकिरतो.

याच्या अगदी उलट टोकाला आतड्याची तार. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सगळे तिच्यावरच वाजवत. जाड, बोटांना मऊ, आवाज ‘डुम्’ करून लगेच विझणारा. अमेरिकन जॅझ बासवादक चार्ली हेडन खालच्या दोन स्टीलच्या आणि वरच्या दोन आतड्याच्या अशी मिसळ ठेवत. ऐकायला मोह पडतो, पण नवशिक्याने नको: महाग, झिजते, आणि किनाऱ्यालगतच्या दमट हवेत तासातासाला सूर हलतो. चुंबकीय पिकअपलाही (तारेचा आवाज अँपकडे नेणारं यंत्र) ती ऐकू येत नाही. तोच गुबगुबीत आवाज हवा असेल तर कृत्रिम गाभ्याच्या तारा बघा, उदाहरणार्थ पिरास्ट्रोची ‘ऑब्लिगाटो’.

अधूनमधून गजही घ्यायचा असेल तर डॅडारिओची ‘हेलिकोर हायब्रिड’. दोन्हीकडे बरी, कुठेच फार रंगत नाही. माझं मत विचाराल तर गज कपाटात असेल तोवर स्पायरोकोर घ्या, तीही ‘वाइख’ लिहिलेली, म्हणजे हलकी. पहिले दोन-तीन आठवडे ती पत्र्यासारखी खणखणेल, ‘जी’ तार तर विशेष. तेवढ्यावरून निकाल देऊ नका. ती मुरते आणि मग वर्षानुवर्षं टिकते. म्हणूनच कुणी वादक संच बदलून जुना काढून टाकत असेल तर तो मागून घ्या. घेताना तारेवरून नख फिरवा. वेटोळं सैल असेल किंवा कुठे मोड आली असेल तर नको.

बसवताना

एका वेळी एकच तार काढा. मी पहिल्यांदा हौसेने चारही एकदम उतरवल्या. आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि काहीतरी घरंगळलं. साउंडपोस्ट पडला होता. फळ्यांमधली ती काठी तारांच्या दाबानेच उभी असते, हे मला तेव्हा कळलं. ती परत उभी करायला कारागीरच लागतो.

नटच्या आणि घोडीच्या खाचांमध्ये मऊ पेन्सिल घासा, म्हणजे तार अडकणार नाही. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, ते एकावर एक चढू देऊ नका. ताण वाढतो तशी घोडी नटकडे झुकते. अर्धा ताण चढला की थांबा, घोडीची टेलपीसकडची (तारांची खालची टोकं अडकवतात तो भाग) बाजू फळीशी काटकोनात आहे का ते बाजूने बघा, नसेल तर दोन्ही हातांनी धरून हलकेच मागे घ्या, मग पुढे चढवा. पहिले चार-पाच दिवस सूर उतरत राहील आणि प्रत्येक वेळी चढवताना घोडी पुन्हा केसभर पुढे जाईल. तेवढे दिवस सरावाला बसण्याआधी एकदा बाजूने नजर टाका.