बाप्तिस्म्याची तयारी कशी करावी
नाशिकच्या शरणपुरात किंवा अन्यत्र प्रौढ वयात बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा पाण्याचा विधी, घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मसेवकांना, भेटावे. ‘प्रायश्चित्त’ हा शब्द नीट समजून घ्यावा, कारण गोदाकाठी वाढलेल्या आपल्या मनात तो स्वतः करावयाच्या विधीशी जोडलेला असतो, तर ख्रिस्ती श्रद्धेनुसार ते येशूने वधस्तंभावर सर्वांसाठी एकदाच केले आहे आणि आपल्याकडे उरतो तो पश्चात्ताप व विश्वास. इथे घाई मुळीच करू नये. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातले २:३८ (अध्याय २, वचन ३८) सावकाश वाचावे. विधीत पाळक ओंजळीने कपाळावर पाणी घालतात, काही मंडळ्यांत पूर्ण बुडवतात. भुवयांवरून ओघळणारे ते गार पाणी लगेच पुसू नये. पुढे पाप घडल्यास पुन्हा बाप्तिस्मा नसतो. देवाजवळ कबुली द्यावी, कॅथलिकांनी धर्मगुरूंकडे.