रिसिव्हरात स्टेशनं भरण्याआधी

पहिलं काम कागदावर. घरात कोण काय ऐकतं ते विचारून घ्या आणि त्याच क्रमानं नंबर वाटा. आमच्याकडं एक नंबर दादांचा: परभणी आकाशवाणी, मध्यम लहर, १३०५ किलोहर्ट्झ. दोनवर नांदेड, एफएम १०१.१. पुढचे पोरांचे, ते रोज बदलोत. दादांना रिमोटवरचं एकच बटण ठाऊक आहे, तेवढं चुकलं की सकाळचा चहा गार होतो.

यंत्र इथल्याच दुकानातलं असेल तर पुढचा भाग सोडून द्या. आमचं भाच्यानं अमेरिकेहून आणलेलं. अशा यंत्राची पाठ आधी वाचा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. मागं नुसतं १२० छापलेलं असेल तर पुरेशा वॅटचा स्टेपडाऊन (व्होल्ट उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर आणल्याशिवाय प्लग लावू नका. दुसरी मेख ट्यूनरची. तिकडं मध्यम लहरीचा टप्पा, म्हणजे यंत्र एका उडीत सरकतं तेवढं अंतर, १० किलोहर्ट्झचा, आपल्याकडं ९ चा. म्हणून यंत्र १३०० वर थांबतं की थेट १३१० वर. १३०५ त्याच्या गावीच नसतं. एफएमला मात्र १०१.१ दोन्हीकडच्या हिशोबात बसतं, त्यामुळं नांदेड बिनघोर लागतं आणि आपल्याला वाटतं की परभणीच बंद पडलंय. आमचे आठ दिवस यात गेले. टप्प्याची सेटिंग काही मॉडेलांत मेनूत सापडते, काहींत दोन बटणं दाबून धरत यंत्र चालू करावं लागतं, पुस्तिका काढाच. ती बदलली की साठवलेली स्टेशनं बहुधा पुसली जातात, म्हणून हे आधी उरका.

मग अँटेना. मध्यम लहरीची चौकट टीव्ही, इन्व्हर्टर आणि एलईडी दिव्यांपासून लांब न्या, हातात धरून सावकाश फिरवा. एका कोनात खरखर गळून पडते आणि निवेदकाचा आवाज एकदम मोकळा होतो. तिथंच खिळा ठोका. हे दिवसा करा. रात्री लांबची स्टेशनं आत घुसतात, काही कळत नाही. एफएमची वायर गुंडाळी करून मागं टाकू नका, पसरून भिंतीवर उंच लावा. परभणीत बसून नांदेड ऐकायचं तर थोडी खरखर येणारच. मोनोवर, म्हणजे दोन्ही स्पीकरांत एकच आवाज, टाकलं की बरीच कमी होते.

ऑटो प्रीसेटच्या, म्हणजे यंत्रानं आपणहून स्टेशनं शोधून साठवण्याच्या, मोहात पडू नका. बऱ्याच यंत्रांत तो फक्त एफएम गोळा करतो आणि एक नंबरापासून भरत सुटतो. मागच्या दिवाळीत साफसफाई झाल्यावर मी तो दाबला, आणि दादांच्या एक नंबरावर पोरांची गाणी! वापरायचाच असेल तर अगदी सुरुवातीला वापरा, हातानं भरायचं त्यानंतर. स्टेशन लावा, मेमरी दाबा, आकडा लुकलुकतोय तोवर नंबर द्या, पुन्हा मेमरी. उशीर झाला की आकडा विझतो, परत पहिल्यापासून.

शेवटी मेन स्विच रात्रभर बंद ठेवून सकाळी तपासा. जुन्या यंत्रांची आठवण काही दिवसच टिकते. पावसाळ्यात वीज गेली आणि आपण गावाकडं असलो की सगळं कोरं. म्हणून तो पहिला कागद फेकू नका. आमचा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, १३०५ खाली दादांनी बॉलपेननं दोन रेघा ओढल्यात.