बोर्डोसाठी चुना विरवताना

द्राक्षाला किंवा डाळिंबाला बोर्डो (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना मिसळून केलेलं बुरशीनाशक) करताना कळीचा चुना (न विरवलेले चुन्याचे खडे) विरवायचा असेल तर खडे आधी आणि पाणी नंतर असं अजिबात करू नका, उलटं करा, बादलीत भरपूर पाणी घ्या आणि त्यात खडे थोडे थोडे सोडा. चुना आणि पाण्याच्या रिअ‍ॅक्शनमधून खूप उष्णता बाहेर पडते, १ किलो चांगल्या चुन्यातून साधारण ११५० किलोज्यूल, म्हणजे तीनेक लिटर गार पाणी उकळेल एवढी! पाणी कमी पडलं की तिथल्या तिथे वाफ होऊन चुना उडतो, तो डोळ्यात गेला तर संपलंच, म्हणून गॉगल हवाच. गेलाच तर लगेच साध्या पाण्याने १५-२० मिनिटं धुवा आणि थेट डॉक्टरकडे.

पातळ प्लास्टिकची बादली नको, लोखंडी चालते (मोरचूद मात्र प्लास्टिकमध्येच, लोखंडावर त्याचं तांबं बसतं). खडे टाकून पाणी गरमच झालं नाही, फसफसलं नाही तर चुना हवेतली ओल खाऊन आधीच मेलाय, दुकानदाराला परत द्या. विरवलेल्या चुन्याचं पांढरं पाणी पूर्ण गार झाल्यावर गाळून मगच मोरचुदात मिसळा, गरम टाकलं की साका (तळाशी बसणारा गाळ) जाड होतो, नोझल तुंबतात.